पैसे भरून घेतलेला खेळ मुदत चुकली म्हणून जातो, हे मला मान्य नाही

माझ्या लेकीने माइनक्राफ्टमध्ये, म्हणजे ठोकळे रचून हवं ते बांधायच्या कॉम्प्युटरवरच्या खेळात, तिच्या आजोळचा वाडा बांधलाय. ओसरी, माजघर, परसातली विहीर, सगळं. २०१९ साली, ती नऊ वर्षांची असताना, तो खेळ मी माझ्या कार्डाने विकत घेतला. तेव्हा खातं मोजांगचं होतं. मोजांग ही खेळ तयार करणारी स्वीडनची कंपनी. मायक्रोसॉफ्टने ती २०१४ मध्ये अडीच अब्ज डॉलरला घेतली होती, पण खाती बरीच वर्षं जुन्याच पद्धतीने चालू राहिली.

मग ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर झालं की सगळ्यांनी मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर यायचं. १० मार्च २०२२ पासून खातं न हलवलेल्यांना खेळात लॉगिनच करता येईना. आम्ही त्याआधीच एका रविवारी दुपारी ते काम उरकलं. लेक लहान, म्हणून माझंही खातं जोडलं. अर्ध्या तासात झालं, काही अडलं नाही. वर खेळातल्या तिच्या बाहुल्याला एक केप, म्हणजे पाठीवरचा झगा, मिळाली, खातं हलवणाऱ्यांना भेट म्हणून.

म्हणजे माझं स्वतःचं काहीच गेलं नाही. तरीही ही गोष्ट मनातून जात नाही, कारण पुढे काय झालं ते मी वाचत राहिले. १९ सप्टेंबर २०२३ ला मुदत संपली. त्यानंतर काही काळ मदत विभागाकडे विनंती करता येत होती, मग तीही वाट बंद झाली. ज्यांनी खातं हलवलं नाही, त्यांना खेळायचं तर पुन्हा विकत घ्या, एवढंच उत्तर उरलं.

हे राहून गेलेले लोक कोण असतील, याचा विचार करा. २०१०-११ साली शाळेत असताना खेळ घेतलेली मुलं. तेव्हाचा ईमेल कधीच बंद पडलेला, आणि सूचना जाणार त्याच ईमेलवर! कोणी परीक्षांत अडकलेलं, कोणी नोकरीत, कोणी आजारपणात. यातली एक बारीक गोष्ट अनेकांना माहीत नसते. खेळाच्या जावा नावाच्या, कॉम्प्युटरवरच्या मूळ आवृत्तीत एकट्याने खेळून बांधलेलं जग आपल्याच कॉम्प्युटरवर साठवलेलं असतं. ते पुसलं जात नाही. वाडा जागेवरच असतो, फक्त किल्ली काढून घेतलेली.

खाती हलवण्यामागचं कारण खोटं नव्हतं. जुन्या मोजांग खात्यांना दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी) नव्हती, ती चोरीला जात. पालकांसाठीची नियंत्रणंही नव्या खात्यात चांगली आहेत, मी ती वापरते. कुलूप बदलायला माझी हरकत नाहीच. पण कुलूप बदललं म्हणून घर जातं का?

माझ्या सासऱ्यांचं खातं देना बँकेत होतं. १ एप्रिल २०१९ ला ती बँक ऑफ बडोदात विलीन झाली. पुढे आयएफएससी बदलला, चेकबुक बदललं, जुने चेक चालेनासे झाले. पैसे मात्र जिथल्या तिथे. अगदी दहा वर्षं कोणी फिरकलं नाही आणि ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेली, तरी खातेदार किंवा वारस कागद घेऊन आला की ती परत मिळते. मुदत कागदाला असते, हक्काला नसते. हा साधा न्याय खेळांच्या करारांत का नसावा?

आपल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करारा’ची व्याख्या आहे. वाजवी कारणाशिवाय एका बाजूने करार संपवण्याची मुभा देणारी अट तिच्यात बसते. पण त्याची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, थेट राज्य आयोगात जावं लागतं. एका खेळाच्या किमतीसाठी कोण जाणार तिथे? ‘मी सहमत आहे’ वर टिचकी मारणारं पोर तर नाहीच नाही.

ग्राहक एकवटले तर मात्र कंपन्या ऐकतात. मे २०२४ मध्ये सोनीने हेलडायव्हर्स २ च्या कॉम्प्युटरवरच्या खेळाडूंना सोनीच्याच प्लेस्टेशनचं खातं जोडणं सक्तीचं करणार असं जाहीर केलं. कित्येक देशांत ते खातं उघडताच येत नाही, आणि तिथल्या लोकांनी खेळ तर आधीच विकत घेतलेला. स्टीम या खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर दोन लाखांहून जास्त नकारात्मक अभिप्राय पडले आणि तीन दिवसांत सक्ती मागे घेतली गेली.

माझी मागणी एका ओळीची आहे. खातं हलवायला लावा, पण खरेदीचा पुरावा दाखवला की खेळ परत मिळेल, मग कितीही वर्षं उलटलेली असोत, हे करारात लिहा. नव्या खात्यात जोडून देणं कंपनीला अशक्य नाही. त्यांच्याकडे आपल्या पैशांची नोंद असते.

तोवर घरातल्या मुलांची खाती कोणत्या ईमेलवर आहेत ते एकदा बघून घ्या. तो ईमेल चालू आहे ना, तेही बघा. लेकीच्या खेळाच्या खरेदीची पावती मी छापून घेतली आणि एलआयसीच्या पॉलिस्या असतात त्या फायलीत लावली आहे.