नवी गाडी चाळीसनेच चालवा म्हणणारा मेसेज डिलीट करा

गेल्या महिनाभरात तोच मेसेज मला चौघांनी पाठवला. नवी स्पोर्ट टूरर (लांब पल्ल्याची दमदार बाईक) घेतली की पहिले 1000 किमी 40 च्या वर न्यायची नाही, एकाच स्पीडला चालवायची, रोज सकाळी दहा मिनिटं जाग्यावर तापवायची, पहिलं ऑइल 3000 पर्यंत बदलायचं नाही आणि लाईट, रायझर (हँडल उंच करणारा तुकडा), सायलेन्सर सगळं डिलिव्हरीच्या दिवशीच बसवून घ्यायचं. मी बेळगावच्या उद्यमबागेत होनिंग मशीनवर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत घासून नेमकी करणाऱ्या मशीनवर काम करतो, रोज बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) बघतो, त्यामुळं हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी 40 चं बघू. होनिंग झालेला बोअर लाईटखाली तिरका धरला की एकमेकांना कापणाऱ्या बारीक तिरक्या रेघा दिसतात. त्या रेघांत ऑइल थांबतं आणि त्यांची वरची टोकं घासली जाऊन पिस्टनची रिंग बोअरला बसते. आता रिंगला भिंतीवर दाबतं कोण, तर तिचा स्वतःचा ताण थोडा, खरा जोर जळलेल्या गॅसच्या प्रेशरचा, आणि ते प्रेशर थ्रॉटल उघडल्याशिवाय येत नाही. गाडी नुसती गोंजारत चालवली तर रिंग बसायच्या आधीच बोअरला चकाकी येते आणि मग ती ऑइल प्यायला लागते. कावासाकीच्या 1000 सीसी टूररच्या मॅन्युअलमध्ये पहिले 800 किमी 4000 आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) आणि पुढं 1600 पर्यंत 6000 अशी मर्यादा दिलीय, म्हणजे हिशेब आरपीएमचा आहे, स्पीडचा नाही, आणि टॉप गियरला 4000 म्हणजे 80 च्या वर गाडी आरामात जाते. उलट वरच्या गियरला 40 नं ओढत नेली तर इंजिन धडधडतं, ते जास्त वाईट.

एकाच स्पीडचं तर पूर्ण उलटं आहे. निपाणीपर्यंत हायवेनं एका सुरात जाण्यापेक्षा जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याकडं जा, चढाला लोड येतो, उताराला थ्रॉटल सोडला की इंजिन ब्रेक लागतो, गियर वरखाली होतात, रनिंग-इनमधल्या, म्हणजे अजून रुळत असलेल्या नव्या गाडीला हेच पाहिजे. फक्त टायर नवे असतात तोवर वळणावर गाडी झोपवू नका, पहिले दीडशे-एक किमी ते घसरतात.

तापवायला दोन-तीन मिनिटं बास. थंड इंजिनला पेट्रोल जास्त जातं आणि ते बोअरवरचं ऑइल धुतं, त्यामुळं दहा मिनिटं उभी ठेवून फायदा काहीच नाही.

पहिल्या सर्व्हिसचं ऑइल एकदा उन्हात बघा, बारीक चमकी दिसते, तो घासलेला धातू आहे, तो 3000 पर्यंत आत फिरवायचा कशाला? 1000 ला किंवा मॅन्युअलमध्ये असेल तेव्हा ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (बाईकच्या ऑइलचं मानांकन) लिहिलंय का बघा, कारचं ऑइल टाकलं तर क्लच सरकू शकतो.

राहिलं ॲक्सेसरीजचं. माझ्या आधीच्या गाडीला एका दुकानात फॉग लाईट लावले, पोरानं रिले (जास्त करंट झेलणारा वेगळा स्विच) न घालता हेडलाईटच्या वायरला जोड दिला, आणि रात्री तवंदी घाटात पुढचा सगळा उजेड एकदम गेला. कव्हर उघडलं तर कनेक्टर तपकिरी होऊन वितळलेला, वायरचं प्लास्टिक बोटाला चिकटत होतं. तेव्हापासून सांगतो, लाईट लावा पण बॅटरीवरनं वेगळी लाईन, फ्यूज आणि रिलेसकट. सायलेन्सर बदलला की वॉरंटीचा वाद आणि आवाजाचा दंड दोन्ही मागं लागतात, मी तरी लावणार नाही. पैसे खर्च करायच्या आधी मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबलेली ते) तुमच्या आणि सामानाच्या वजनाला सेट करा, ते फुकट होतं आणि फरक मोठा पडतो, मग हजारभर किमी चालवल्यावर मनगट दुखतंय की पाठ ते कळतं, रायझर त्यानंतर घ्या. रायझर बसवला की इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडं शेवटपर्यंत फिरवा, केबल ओढली जाऊन आरपीएम चढला किंवा ब्रेकचा होज ताणला तर तो जाग्यावरच काढायला लावा.