मुंबईचं स्पिरिट: घरगुती कृती

मुंबईत येऊन सहा महिने झाले आणि अजून एकही अविस्मरणीय अनोळखी माणूस भेटला नाही? मग तुमचंच काहीतरी चुकतंय. बाकीच्यांनी लिहिलेल्या मुंबईच्या गोष्टी वाचा. कुणाला रात्री दोन वाजता पैसे न घेता घरी सोडणारा रिक्षावाला भेटतो, कुणाला मरीन ड्राइव्हच्या कठड्यापाशी चणे विकता विकता आयुष्याचा अर्थ सांगणारा पोरगा. तुम्हाला आपला रोज टीसी.

आधी जागा नीट निवडा. एसी लोकल बाद. तिची दारं बंद होतात, म्हणजे दारातली माणसंही गेली. मेट्रोत सगळ्यांच्या कानात बोंडं. त्यापेक्षा संध्याकाळी दादरला जाऊन उभे राहा. डिसेंबर २०२३मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांचे नंबर बदलले, एकचा आठ झाला. ‘हा आधीचा एक का?’ एवढं विचारा, पाच जण पाच दिशांना हात करतील. पाचही जण मनापासून करतील, हे लिहायला विसरू नका.

टॅक्सीवाला हवाच. जुनी काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली, पण तुमच्या गोष्टीत तीच ठेवा, कोण तपासतंय? त्यानं सिग्नलला मागे वळून काहीतरी खोल बोललं पाहिजे. मला आजवर भेटलेल्या सगळ्या टॅक्सीवाल्यांनी एकच खोल वाक्य ऐकवलंय, ‘छुट्टा देना साब.’ पण तुमचं नशीब चांगलं असेल.

लोकलमधल्या चौथ्या सीटबद्दल मात्र जपून लिहा. बाक तिघांचा. उभा असलेला माणूस कडेच्या मांडीला दोन बोटं लावतो. एक शब्द नाही, नजरानजरही नाही. मोबाइलमधून मान वर न काढता तिघं चार बोटं आत सरकतात आणि तो एका कुल्ल्यावर टेकतो. याला औदार्य म्हणायचा मोह होईल. (मलाही व्हायचा, पहिल्या वर्षी.) ठाण्याला एक जण उतरतो, चौथा तिसरा होतो, आणि लगेच त्याच्या मांडीला दोन बोटं लागतात. तेव्हा त्याचा चेहरा बघून ठेवा. तो चेहरा गोष्टीत घेऊ नका.

‘स्पिरिट’ हा शब्द पावसाळ्यासाठी राखून ठेवा. रूळ पाण्याखाली गेले आणि दुसऱ्या दिवशी लोक कामावर हजर झाले, की तो वापरतात. त्या लोकांच्या रजा संपलेल्या असतात, हा तपशील गाळा. नाल्यांचा विषय तर काढूच नका, रसभंग होतो.

माझीच चूक सांगतो. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. असा दिवस हाती आला आणि मी तो वाया घालवला. गाड्या बंद, फोन बंद, म्हणून सायनहून मावशीकडे मुलुंडला चालत निघालो. वाटेत लोक चहा-बिस्किटं देत होते, ते सगळ्यांनीच लिहिलंय. मला भेटला पन्नाशीचा एक माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात. विक्रोळीपर्यंत माझ्या बरोबरीनं चालला आणि सबंध वाटेत बोलला एकाच विषयावर. फ्रिज. त्या सकाळीच घरी आला होता, हप्त्यावर. चाळीत तळमजल्याची खोली. ‘खाली स्टँड घेतलाय का?’ मी विचारलं. ‘स्टँडचे तीनशे वेगळे सांगितले हो, म्हटलं पुढच्या महिन्यात बघू.’ चेंबूरला हे बोलणं झालं. घाटकोपरला तो म्हणाला, ‘रिकामा फ्रिज तरंगत असेल ना?’ मी म्हटलं, तरंगत असेल. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. नाव त्यानंही विचारलं नाही, मीही नाही. विक्रोळीला तो आतल्या रस्त्याला वळला. तिथं पाणी कमरेच्या वर होतं.

आता यात काय आहे? तत्त्वज्ञान नाही, डोळे पाणावत नाहीत, शेवट नाही. फ्रिजचं काय झालं ते मला आजही माहीत नाही. म्हणून तुम्ही असं करा. त्याला चांभार करा. फ्रिज काढून टाका, त्या जागी मुलीचं शिक्षण घाला. आणि वळताना तो आपली एकुलती एक छत्री तुमच्या हातात देतो, असं दाखवा.

खरं म्हणजे छत्री माझी होती. उघडं गटार चाचपायला काठी हवी म्हणून त्यानं ती मागितली, आणि घेऊन गेला.