डास चावल्याचा पंचनामा सोबत जोडावा

विद्यापीठात शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, प्रवेशाच्या पावतीवर ग्रंथालय, जिमखाना आणि ओळखपत्र यांच्या खाली ‘विद्यार्थी विमा’ अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे एका चहा-क्रीमरोलच्या किमतीएवढी रक्कम छापलेली असते, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचले असेल. मीही वाचले नव्हते. गेल्या सप्टेंबरात डेंग्यूने चार रात्री रुग्णालयात काढल्यावर आणि एकोणचाळीस हजारांचे बिल हातात पडल्यावर मी ती ओळ प्रथमच लक्षपूर्वक वाचली. त्यानंतरच्या काही महिन्यांत जे ज्ञान मिळाले, ते दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात कोठेच नव्हते, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचवणे मी माझे कर्तव्य समजतो.

सर्वप्रथम, आजारी पडण्याचा मुहूर्त नीट काढावा. आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी साडेदहा ते दीड या वेळेत येतात, त्यामुळे ताप मंगळवारी रात्री यावा, म्हणजे बुधवारी सकाळी तो ताजा असतानाच दाखवता येतो. शनिवारी संध्याकाळी थंडी वाजून येणे हा निव्वळ बेशिस्तपणा आहे. केंद्रात गेल्यावर ओळखपत्र दाखवावे, रजिस्टरात नाव, वर्ग आणि हजेरी क्रमांक लिहावा आणि ‘काय, परीक्षा जवळ आली वाटतं?’ या प्रश्नावर नम्रपणे हसावे. डोके, पोट, घसा, पाठ यांपैकी काहीही दुखत असले तरी मिळणारी गोळी पांढरीच असते, म्हणून दुखण्याचे सविस्तर वर्णन करून कोणाचा वेळ घेऊ नये.

मुलींनी पाळीच्या तक्रारी दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावरच सुरू कराव्यात.

मन ठीक नसेल, तर समुपदेशन केंद्राच्या फलकाकडे पाच मिनिटे टक लावून पाहावे. फलक सुंदर आहे आणि खोलीला कुलूप असल्याने तो पाहण्यात व्यत्यय येत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ असे सांगतो की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमा द्यावा. आमच्या विद्यार्थी विम्याने ही समानता तंतोतंत पाळली आहे, कारण त्यात शारीरिक आजारालाही काही मिळत नाही.

पीएचडी करणाऱ्यांनी पंचविसावा वाढदिवस टाळावा, कारण आईवडिलांच्या बहुतेक पॉलिसींत अपत्य त्या वयापर्यंतच अवलंबून मानले जाते, आणि पीएचडी तर त्या वयात जेमतेम सुरू होते.

आता मुख्य सल्ला: आजारी पडूच नये, अपघात करून घ्यावा. आपला विमा हा अपघात विमा आहे. ही गोष्ट पावतीवर लिहिलेली नाही, माहितीपुस्तिकेत नाही, प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही, आणि मला ती सांगितली गेली ती अर्ज दिल्यानंतर सात आठवड्यांनी. दरम्यानच्या काळात माझ्याकडून प्रथम बोनाफाईड मागण्यात आले, मग झेरॉक्स चालत नाही म्हणून मूळ बिले मागण्यात आली, मग विभागप्रमुखांची सही, मग त्या सहीखाली शिक्का, मग रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक. प्लेटलेट किमान दीड लाख असाव्यात तेथे एकोणतीस हजारांवर आलेल्या माणसाने रुग्णालयातून सुट्टी देताना मिळालेल्या आदेशानुसार विश्रांती घ्यायची होती, ती मी प्रशासकीय इमारतीच्या तीन जिन्यांवर घेतली. एवढे सगळे जमल्यावर खिडकीतल्या साहेबांनी कागद उलटसुलट करून विचारले, “एफआयआर कुठंय?”

“सर, डेंग्यू झाला होता.”

“मग पंचनामा तरी? अरे, ही अपघाताची पॉलिसी आहे. तुला काय अपघात झालाय?”

डास चावणे हा अपघात आहे की नाही, हा प्रश्न मला विनोदी वाटला होता, पण तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. मोझांबिकमध्ये मलेरियाने मृत्यू पावलेल्या एका भारतीयाच्या दाव्यात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डास चावणे हा अपघात मानला होता. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. जेथे मलेरिया सर्रास होतो तेथे डास चावून तो होणे अनपेक्षित म्हणता येत नाही, आणि म्हणून तो अपघात नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. हा न्याय आमच्या वसतिगृहाला लावून पाहावा. मागच्या बाजूच्या पाण्याच्या टाकीला झाकण नाही. डेंग्यूचा डास मुख्यतः स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो, तेव्हा त्याच्या निवासाची आणि भोजनाची सोय एकाच आवारात झालेली आहे. दर पावसाळ्यात तळमजल्यावरची पाच-सहा मुले तापाने पडतात. म्हणजे टाकीवर झाकण बसवण्यास जितकी वर्षे दिरंगाई होईल, तितका डेंग्यू नेहमीचा होईल, आणि जितका तो नेहमीचा होईल, तितका तो अपघात राहणार नाही. या युक्तिवादात आम्ही कोठे उभे राहायचे, ते कोणी तरी सांगावे.

तरीही साहेबांच्या मागणीचा मान राखून पंचनाम्याचा मसुदा करून ठेवावा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे घटना तासिकेच्या वेळेत, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत कामकाजात घडली असे नमूद करता येते. स्थळ: खोलीची मागील खिडकी, जाळी फाटलेली. पंच: दोन रूममेट. मुद्देमाल: हस्तगत नाही. आरोपी: फरार, टाकीच्या दिशेने.

ज्यांना पंचनामा जमणार नाही, त्यांनी शासनाच्या योजनेकडे वळावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व रेशनकार्डधारकांना लागू करण्याचा आणि संरक्षण पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, आणि ही योजना अनेकांना खरोखर उपयोगी पडते, हे मी उपरोधाने म्हणत नाही. मात्र त्यासाठी रुग्णालय योजनेच्या यादीतले हवे, उपचार यादीतला हवा, आणि तेथील आरोग्यमित्रापुढे, म्हणजे योजनेच्या मदतनिसापुढे, रेशनकार्ड ठेवता यायला हवे. माझे रेशनकार्ड साडेतीनशे किलोमीटरवर आईच्या ट्रंकेत होते. तेव्हा वसतिगृहात राहणाऱ्यांनी शुद्ध हरपण्यापूर्वी सहा-सात तासांची एसटी पकडून ते घेऊन यावे.

नकार मिळाल्यास नाउमेद होऊ नये, कारण विमा लोकपालांकडे तक्रार करता येते, ती मोफत असते आणि समूह विम्याबाबतही करता येते. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट पाहायची असते, इतकेच. कंपनीचे नाव आणि पॉलिसीचा क्रमांक मात्र आपल्याला माहीत असावा लागतो. मी तो विचारला. खिडकी क्रमांक दोनने सांगितले की पॉलिसी लेखा विभागात आहे, लेखा विभागाने सांगितले की आमच्याकडे फक्त हप्ता भरल्याची नोंद असते, आणि तिसऱ्या ठिकाणी एका बाईंनी माझ्याकडे आपादमस्तक पाहून विचारले, “तुला कशाला पाहिजे पॉलिसी?”

कशाला पाहिजे? माझ्या नावाने, माझ्या पैशाने काढलेला करार मला वाचायचा आहे म्हणून पाहिजे! जर्मनीला शिकायला गेलेल्या माझ्या वर्गमित्राला आरोग्य विमा दाखवल्याशिवाय तेथे प्रवेशच मिळाला नाही, आणि कोणता उपचार मिळेल, कोणता नाही, हे त्याला पहिले व्याख्यान होण्याआधी माहीत होते. येथे हजारो मुलांकडून दरवर्षी सक्तीने पैसे घेतले जातात, आणि काय विकत घेतले ते सांगण्याचे सौजन्यही कोणी दाखवत नाही. रक्कम किरकोळ आहे, एवढ्या पैशात आणखी काय मिळणार, असे म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे की मग पावतीवर ‘अपघात विमा, आजारासाठी नाही’ एवढे छापा. शाईचा खर्च आम्ही देतो. ते छापलेले असते तर मी सात आठवडे अशक्त अंगाने जिने चढलो नसतो, आणि पैसे परत मिळतील या भरवशावर रूममेटकडून त्याच्या परीक्षा शुल्काचे पैसे उसने घेतले नसते. ते फेडण्यासाठी वडिलांनी सोयाबीन निघाल्याबरोबर आडतीवर मिळेल त्या भावाने घातले. विद्यापीठ प्रशासनातील साहेबांनो, तुम्ही खोटे बोलला नाहीत, हे खरे; तुम्ही फक्त ‘विमा’ हा शब्द लिहिलात आणि आम्ही काय समजायचे ते आमच्यावर सोडलेत. याला लबाडी म्हणतात.

जूनमध्ये नव्या मुलांच्या पावत्या फाटायला लागतील. त्याआधी पॉलिसीची पूर्ण प्रत मराठीत सूचनाफलकावर लावा, तिच्यावर कंपनीचे नाव आणि क्रमांक दिसू द्या, डॉक्टर रोज बसवा, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी त्या टाकीवर झाकण टाका.