टुंड्रातली फुलं लवकर उमलली म्हणजे भलं झालं का?

आमच्या पेठेतल्या तालमीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. मग तोच भावकीच्या ग्रुपवर दिसला आणि दोन दिवसांत ऊसवाल्यांच्या ग्रुपवरही. मजकूर थोडक्यात असा: "तापमानवाढीमुळे उत्तर ध्रुवाजवळचा टुंड्रा हिरवागार होतोय. झाडं लवकर फुलतात, हंगाम लांबतो, प्राण्यांना चारा वाढतो आणि ती हिरवळ हवेतला कार्बन शोषते. निसर्ग स्वतःला सावरतोय, घाबरू नका."

मी कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकवतो. टुंड्राचा, म्हणजे ध्रुवाजवळच्या त्या थंड, बुटक्या झुडपांच्या प्रदेशाचा, बराचसा भाग हिरवा होतोय हे खरं आहे, आणि म्हणूनच पुढचं सगळं लोकांना पटतं. त्या पुढच्याबद्दल लिहितोय.

"झाडं लवकर फुलतात." फुलतात. १९७९पासून आर्क्टिक, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीचा भाग, जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलाय. ईशान्य ग्रीनलंडमधल्या झॅकेनबर्गला १९९६पासून फुलांच्या, किड्यांच्या, पक्ष्यांच्या तारखा टिपल्या जातात. तिथे पहिल्या दहा वर्षांतच वसंताच्या या खुणा सरासरी चौदा दिवसांहून जास्त अलीकडे आल्या. बर्फ लवकर वितळला की झाड लवकर जागं होतं, इतकी ही गोष्ट सरळ आहे.

पण सगळी झाडं सारखी पुढे सरकत नाहीत, आणि खरी गोम तिथेच आहे. टुंड्राच्या अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र केल्यावर दिसलं, की हंगामाच्या शेवटी फुलणाऱ्या जाती सुरुवातीच्या जातींपेक्षा जास्त पुढे सरकतात. म्हणजे शेपूट डोक्याकडे ओढली जाते आणि फुलांचा एकूण काळ आखडतो. मेसेज वाचून वाटतं त्याच्या उलट.

हे समजायला ग्रीनलंडला जायची गरज नाही. गेल्या सप्टेंबरात मुलांना घेऊन पन्हाळ्याजवळ मसाई पठारावर गेलो होतो. एक मुलगी ओल्या कातळावर गुडघे टेकून अर्धा तास गेंद या रानफुलाच्या एकाच झुबक्याकडे बघत बसली. येणाऱ्या प्रत्येक बारक्या माशीसाठी वहीत एक रेघ. अकरा रेघा झाल्या. गेंद आणि सीतेची आसवं असतात तोवर त्या माश्यांचं तिथे भागतं, पाऊस ओसरता ओसरता सोनकी येते. एक पंगत उठते तेव्हा दुसरी बसलेली असते. उद्या हे सगळं आठ-दहा दिवसांत एकदमच फुलून गेलं, तर उरलेले दिवस त्या माश्यांनी खायचं काय?

टुंड्रातही परागीभवनाचं बरंचसं काम माश्याच करतात. ड्रायस नावाचं पांढरं, वाटीसारखं फूल तिथे दिवसभर सूर्याकडे तोंड फिरवत राहतं. वाटीत ऊब साठते आणि माश्या खाण्यासाठी तशाच शेकायलाही तिच्यात येऊन बसतात. झॅकेनबर्गच्या नोंदींत फुलांचा काळ आखडला आणि फुलांवर येणाऱ्या किड्यांची संख्याही घटली.

"हंगाम लांबतो." किती लांबतो, ते मेसेज सांगत नाही. १९९०मध्ये आयटेक्स नावाचा आंतरराष्ट्रीय प्रयोग सुरू झाला. टुंड्रातल्या झुडपांभोवती वरून उघडी, पारदर्शक कुंपणं उभी करायची, आतली हवा एक ते तीन अंशांनी तापते, आणि आतल्या-बाहेरच्या झाडांच्या तारखा ताडून बघायच्या. या प्रयोगांचा मोठा एकत्रित आढावा २०२१मध्ये आला. पालवी लवकर येते, पानं थोडी उशिरा पिवळी पडतात, आणि वाढीचा हंगाम लांबतो सुमारे तीन टक्क्यांनी. अडीच महिन्यांचा हंगाम धरला तर जेमतेम दोन दिवस. फुलण्या-फळण्याच्या तारखा मात्र पालवीपेक्षा जास्त हलतात. एकाच झाडाची दोन कामं वेगवेगळ्या चालीने पुढे जातात.

ऊसवाल्यांना यातलं अर्धं मी सांगायला नको. तुरा आला की कांड्यांची वाढ थांबते, ऊस पोकळ पडू लागतो. फूल आलं म्हणून आपल्याकडे कुणी पीक चांगलं म्हणत नाही. आणि तुरा धरतो तो मुख्यतः दिवस लहान होऊ लागल्यावर. टुंड्रातही काही झाडं पानं गाळायची वेळ दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. हवा कितीही तापली तरी सूर्य आपली वेळ बदलत नाही, म्हणून हंगामाचं दुसरं टोक मनाला येईल तितकं ताणता येत नाही.

"प्राण्यांना चारा वाढतो." चारा कधी, हा प्रश्न आहे. पश्चिम ग्रीनलंडमध्ये कांगरलुस्सुआकजवळ कॅरिबूंचे, म्हणजे तिथल्या रेनडियर हरणांचे, कळप वितात. कोवळा, कसदार पाला लवकर येऊ लागला, पण विण्याच्या तारखा तितक्या अलीकडे आल्या नाहीत. आईला दूध उतरायला हवं तेव्हा पाला जून झालेला. ज्या वर्षी हे अंतर वाढलं, त्या वर्षी जगलेली पिल्लं कमी.

कार्बनचा मुद्दा थोडक्यात. गोठलेल्या जमिनीत सुमारे दीड हजार अब्ज टन कार्बन साठलाय, वातावरणात आहे त्याच्या जवळपास दुप्पट. ती जमीन वितळली की सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि तो वायुरूपाने वर येतो. वीतभर झुडपांच्या हिरवळीवर एवढा हिशोब सोडून देता येत नाही.

राहिलं "निसर्ग सावरतोय". २०१८ साली झॅकेनबर्गला इतका बर्फ पडला आणि तो इतका उशिरा वितळला, की बहुतेक झाडांना आणि प्राण्यांना त्या वर्षी वंश पुढे नेताच आला नाही. तापलेली हवा जास्त बाष्प धरते, थंडीत तेच बर्फ होऊन पडतं. एका वर्षी पंधरवडाभर आधी आणि एका वर्षी जवळजवळ नाहीच, अशा तारखांशी कुठलं झाड जुळवून घेणार?

हे सगळं तालमीच्या ग्रुपवर टाकलंय. कुणाला फुलांच्या तारखा स्वतः टिपायच्या असतील तर येत्या सप्टेंबरात मसाई पठारावर या. वही आणि भिंग मी आणतो.