पैसे शहराचे, पोलीस राज्याचे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कॅन्सस सिटीच्या पोलिसांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की अमेरिकेतल्या या शहराने सर्वसाधारण महसुलाचा किमान २५ टक्के भाग पोलिसांना द्यावा, हे मिझुरी राज्याने ठरवलं त्यात गैर काही नाही. २०२३ मध्ये शहरात १८२ खून झाले, आणि महाराष्ट्रातही पोलीस राज्याचेच असतात.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते. आपल्याकडे पोलीस राज्याचे, आणि त्यांचा पगारही राज्याच्याच तिजोरीतून. पुणे महापालिकेला तो द्यावा लागत नाही. इथे कॅन्सस सिटीत पोलिसांचा कारभार पाच जणांच्या मंडळाकडे आहे. चौघांना गव्हर्नर, म्हणजे राज्याचा निवडून आलेला प्रमुख, नेमतो; पाचवा सदस्य स्वतः महापौर असतो. पैसे मात्र शहराने भरायचे. माझा आक्षेप नेमका याला आहे.

१९३९ चा इतिहास मी लेखात सांगितला नाही, ही तुमची टीका मान्य. टॉम पेंडरगास्टच्या राजकीय टोळीने पोलीस खातं ताब्यात घेतलं होतं. राज्याने ते काढून घेतलं हे तेव्हा योग्यच झालं. पण त्याला आता आठ दशकं उलटली.

२०२१ मध्ये महापौर क्विंटन लुकास आणि कौन्सिलने (म्हणजे शहराच्या निवडून आलेल्या सभागृहाने) ‘पोलिसांचे पैसे कापले’, असं तुम्ही लिहिता. तेव्हा कायद्याची किमान मर्यादा २० टक्के होती आणि शहर आपणहून जास्त देत होतं. त्या जादा भागातले ४ कोटी २३ लाख डॉलर वेगळ्या निधीत ठेवले, ते कशावर खर्चायचे हे मंडळाने शहराशी बोलून ठरवावं म्हणून. कोर्टाने ते रद्द केलं. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने मर्यादा २५ टक्क्यांवर नेली. पैसे न देता शहरांवर नवा बोजा टाकायला राज्यघटनेची मनाई, म्हणून घटनादुरुस्ती आली. बोजा एका शहरावर आणि मतदान सगळ्या राज्याचं! खर्चाची माहिती मतपत्रिकेवर दिशाभूल करणारी होती, म्हणून २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द केलं. ऑगस्टमधल्या फेरमतदानात दुरुस्ती थोडक्यात मंजूर झाली.

आणि ते १८२ खून २५ टक्क्यांचा कायदा आल्यानंतरचे आहेत. टक्केवारीमुळे खून वाढले असं मी म्हणणार नाही. पण ते थांबलेही नाहीत.

रात्री गस्त हवी, ९११ या आपत्कालीन नंबरवरचा फोन लगेच उचलला जावा, ही मागणी माझीही आहे. पण ती घेऊन जायचं कुणाकडे? ज्या कौन्सिल सदस्याला आपण मत देतो त्याच्या हातात ते नाही, आणि मंडळावरच्या त्या चौघांना आपण निवडून दिलेलं नाही.