वड्यात चीज मागितलं कुणी?

वडापाव जिथे जन्मला म्हणतात, त्या दादरला राहतो आम्ही. आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर आता पाटी काय? चीज वडापाव, शेजवान वडापाव, मेयोनीज वडापाव! अरे, लसणाची लाल चटणी कुठे गेली?

'संपली काका. तंदुरी सॉस देऊ?'

संपली? सकाळी साडेआठला? तळलेली मिरची मागितली तर मोजून एक, तीही बिनमिठाची. पुढे सहा पोरं मोबाईल उंच धरून चीज ताणतायत; तार तुटली की पुन्हा नवा वडा! मी मागे सुट्टे पैसे मुठीत धरून उभा. वैतागून इराण्याकडे वळलो, तर तिथे मोबाईलचं दुकान. (ब्रुन मस्का विचारायचा मोह झाला होता.) परत आलो, वडा मिळाला. बाहेरून कढत, आत बटाटा गारढोण. आणि वर चीज!