शिक्षकांना स्मार्टबोर्ड येत नाही म्हणून पोरं मागे? जरा थांबा

बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत सगळ्यांनी एकमेकांना पाठवून झालाय. म्हणणं काय, तर सरकारी प्राथमिक शाळेतली पोरं मागे पडतात कारण शिक्षकांना टेक्नॉलॉजी येत नाही, आजची पिढी स्क्रीनवरच शिकते, पन्नाशीपुढच्या बाईंना घरी बसवा आणि कॉम्प्युटर येणारी तरुण मुलं घ्या, फॉरेनमध्ये बघा पहिलीपासून टॅबलेट. खाली हात जोडलेले. मी स्वतः पहिली-दुसरीला शिकवते आणि शाळेत कोणाचाही प्रोजेक्टर अडला की मलाच हाक मारतात, त्यामुळे हे कोल्ह्याला द्राक्षं आंबट प्रकरण नाहीये.

पोरं मागे आहेत हे खरं. असर, म्हणजे ग्रामीण मुलांना किती वाचता-मोजता येतं ते तपासणारा सर्व्हे, त्याच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या साधारण २३ टक्केच मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो. २०२२ मध्ये तर १६ टक्केच होते. पण कारण म्हणून जे सांगितलंय त्यावर येऊ.

शिक्षकाला टेक्नॉलॉजी आली की पोरं शिकतात, असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच गावात काय झालं ते ऐका. २००० मध्ये गुजरात सरकारनं बडोद्यातल्या १०० म्युनिसिपल शाळांना प्रत्येकी चार कॉम्प्युटर दिले. २००२ मध्ये प्रथम ह्या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेनं पाहिलं तर लहान वर्गातली पोरं त्यांना जवळजवळ हातच लावत नव्हती. मग प्रथमनं चौथीसाठी गणिताचे गेम आणले, आठवड्याला दोन तास, एका कॉम्प्युटरवर दोन पोरं, आणि सांभाळायला वस्तीतलीच तरुण मुलंमुली, ज्यांना ट्रेनिंग किती, तर पाच दिवस. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञ मंडळींनी ते मोजलं (ह्या दोघांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं), आणि गणिताचे मार्क चांगलेच वाढले होते.

आता कोणी म्हणेल, बघा, चालते ना टेक्नॉलॉजी! चालते की. पण पाच दिवसांच्या ट्रेनिंगवाल्यांकडे कुठलं मोठं स्किल होतं? गेम असा होता की पोराला जमेल तसं गणित सोपं-अवघड होत जायचं, आणि वरून सरावाचा वेळ वाढला, कारण दोनातला एक तास शाळेच्या आधी नाहीतर सुटल्यावर असायचा. वर्षभरानं पाहिलं तर त्यातला बराच फायदा ओसरलेलाही होता. आणि त्याच अभ्यासात दुसरा प्रयोग होता बालसखीचा. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं वस्तीतली एक मुलगी रोज दोन तास वेगळी बसवून वाचन आणि अंक पक्के करून घ्यायची, कॉम्प्युटर नाही, काही नाही. मार्क तिथेही वाढले, खर्च मात्र कॉम्प्युटरपेक्षा खूपच कमी. हे मेसेजमध्ये कोणी टाकणार नाही, कारण त्यात विकायला काही नाही.

अजून एक. गुजरातमध्येच ज्ञानशाळा नावाच्या संस्थेच्या दुसरी-तिसरीत असाच प्रयोग झाला. शाळा सुटल्यावर कॉम्प्युटर दिला तेव्हा पोरांना फायदा झाला, पण शिकवण्याच्या वेळेतच, बाईंच्या जागी, बसवला तेव्हा पोरं उलट मागे गेली.

"आजची पिढी स्क्रीनवर शिकते." दुसरीच्या वर्गात या एकदा. स्मार्टबोर्डावर मुळाक्षरांचं गाणं लागलं की चाळीस पोरं एका सुरात क कमळाचा म्हणतात, बघणाऱ्याला वाटतं वा! मग पुस्तकाच्या मधल्या ओळीवर बोट ठेवून विचारा हे काय, की पोरगं चित्राकडे बघतं, मग माझ्या तोंडाकडे बघतं आणि मनातल्या मनात पहिल्यापासून गाणं सुरू करतं. त्याला गाणं येतंय, अक्षर येत नाहीये, आणि हा फरक बोर्ड सांगत नाही, शेजारी बसलेलं माणूस सांगतं.

पन्नाशीच्या बाईंबद्दल काय बोलू! आमच्याकडे एक बाई आहेत, पेनड्राईव्ह उलटा लावतात, पासवर्ड वहीच्या मागे लिहून ठेवतात, पण 'मगर'चं 'मरग' वाचणारं पोर अक्षरांना अडलंय की नुसती घाई करतंय हे त्यांना दोन शब्दांत कळतं. उलट तरुण शिक्षकाचं कॉम्प्युटरचं स्किल कुठे जातं माहितीये? ऑनलाइन हजेरी, फोटो अपलोड आणि एक्सेलची शीट. ज्याला येतं त्याच्याच गळ्यात पडतं सगळं, आणि तेवढा वेळ वर्ग मॉनिटर पोराच्या भरवशावर.

फॉरेनचं म्हणाल तर पेरूनं लाखो लॅपटॉप प्राथमिक शाळांत वाटले, तपासलं तर वाचन आणि गणितात काही फरक नाही. स्वीडननं २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी वेगळा पैसा काढला आणि बालवाडीत डिजिटल साधनं सक्तीची करायचा निर्णयही मागे घेतला.

म्हणजे शिक्षकांनी टेक्नॉलॉजी शिकूच नये? शिकावी की! फक्त ट्रेनिंगमध्ये पीपीटी कशी सजवायची हे सोडून, व्हिडिओ कुठे थांबवायचा, थांबवल्यावर मागच्या बाकावरच्याला काय विचारायचं, आणि कुठल्या पोराला कुठला सराव लावायचा, एवढं शिकवा. तसं असेल तर पेनड्राईव्ह उलटा लावणाऱ्या बाई पहिल्या येऊन बसतील.